जुन्या पिकअपचा हौदा: चेकर प्लेट ठोकण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांची 1951 ची शेवरोले पिकअप शहापूरजवळच्या वाडीवर गोठ्याशेजारी बरीच वर्षं उभी आहे. हौद्याच्या फळ्या कुजून हातात येतात, खाली फळ्या पेलणाऱ्या लोखंडी आडव्यांपैकी दोन गंजाने गेल्यात, मागचा उघडणारा फाळका नीट बसत नाही. ठाण्यातला मिस्त्री म्हणतो, लाकूडबिकूड विसरा, सगळं कापून 3 मिलिमीटरची चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा, वेल्ड करतो, चार दिवसांचं काम. हे करावं का, आणि नाही तर सागवान परवडेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी मिस्त्रीबद्दल. तो तुम्हाला फसवत नाही. रोज सिमेंटच्या गोण्या आणि लोखंडी सळया वाहणाऱ्या टेम्पोला चेकर प्लेटच हवी. कळव्याला वडिलांच्या शेडमध्ये टेम्पोचे हौदे बांधत मी हे काम शिकलो, आता रबाळ्याला माझी शेड आहे, आणि अशा प्लेटा मी स्वतः कितीतरी टाकल्यात. पण तुमच्या गाडीचा खरा प्रश्न ‘तळाला काय टाकू’ हा नाहीच. फळ्या कुजल्या आणि आडव्या गेल्या, त्या एकाच पाण्याने. ते पाणी कुठून आलं, कुठे थांबलं, आणि नवा तळ घातल्यावर पुन्हा तिथेच थांबणार का, हे आधी शोधायला हवं. ते न शोधता प्लेट टाकलीत तर गंज झाकला जाईल आणि खालून चालूच राहील.

काही गोष्टी मात्र गाडी न बघता मला सांगता येणार नाहीत. पहिली म्हणजे हा हौदा कारखान्याचा आहे की इथल्या सुताराचा? शेवरोले बनवणारी जनरल मोटर्स 1928 पासून 1954 पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे. त्या काळी पुष्कळ ट्रक नुसत्या चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, विकले जायचे आणि हौदा इथले बॉडीवाले बांधायचे. टेप घेऊन आतून मोजा. लांबी 78 इंच आणि रुंदी 50 इंच भरली, बाजूचे पत्रे प्रेसमध्ये घडवलेले दिसले आणि फाळक्यावर कंपनीचं नाव पत्र्यातच उठवलेलं असलं, तर तो अर्ध्या टनाच्या गाडीचा कारखान्यातला हौदा आहे. मापं वेगळी, कोपऱ्यांना लोखंडी अँगल आणि हाताने ठोकलेल्या रिव्हेटा असतील, तर तो आपल्याकडच्या कारागिराचा. दोन्ही जपण्यासारखेच. पण पहिल्यात मूळ मापाला चिकटून राहावं लागतं, दुसऱ्यात तुम्हाला थोडी मोकळीक आहे.

काहीही उचकटण्याआधी फळ्या मोजा. 1951 च्या मध्यात कारखान्याने 9 फळ्यांचा हौदा 8 फळ्यांचा केला, म्हणजे तुमच्या सालात दोन्ही निघू शकतात. फळ्या कुजून पडल्या असल्या तरी मधल्या पोलादी पट्ट्या आणि आडव्यांवरची भोकं खरं काय ते सांगतात. पट्ट्या भंगारात टाकू नका. फळ्या नव्या करता येतात, पण चौकोनी भोकाची ती घडवलेली पट्टी पुन्हा करून घेणं फार जिकिरीचं आहे.

आता पाणी. या प्रकारच्या हौद्यात ते तीन जागी थांबतं. पुढची भिंत, म्हणजे केबिनच्या मागचा पत्रा, जिथे तळाला भेटतो तो सांधा. बाजूच्या पत्र्याची आत वळलेली कड, जिच्यावर शेवटची फळी टेकते. आणि काठ्या रोवायच्या खोबणींचा तळ. या खोबणींत सत्तर वर्षांची माती, भाताचा कोंडा, शेणाची धूळ साचून घट्ट होते आणि पावसाळ्यानंतरही कित्येक आठवडे ओली राहते. गोठ्याशेजारच्या गाडीत खत वाहिलं गेलं असणार असं मी धरून चालतो. खतातले क्षार पत्र्याच्या सांध्यात राहतात आणि हवेतलं पाणी ओढत राहतात. उरणकडून मासळी वाहणारी एक जुनी जीप-पिकअप माझ्याकडे आली होती. वरून ती तुमच्या गाडीपेक्षा बरी दिसत होती, पण मिठाच्या पाण्याने तिच्या आडव्या आतून कागदासारख्या झाल्या होत्या. म्हणून पहिलं काम म्हणजे गोडं पाणी. खोबणी तारेने उकरा, दोन-तीन दिवस नळीने सांधे धुवा आणि कडक उन्हात वाळू द्या. क्षार आत ठेवून वर रंग मारलात तर प्राइमर कितीही भारी असो, वर्षभरात फोड येतात.

मग जुना, टोकदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि आडव्यांच्या प्रत्येक बाजूला टोचत जा. दणका दिल्यावर खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, टोक आत गेलं, तर तिथे खडूने खूण करा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मधे तो फुगला की सांधा उघडतो, वेल्डचे टाके तुटतात. सांधा फुगलेला दिसला की आतलं लोखंड गेलं, असंच समजा. दोनच आडव्या गेल्यात असं तुम्ही म्हणता, पण टोचल्यावर तिसरी निघाली तर दचकू नका.

चेकर प्लेट मी का नको म्हणतो त्याचं कारण रूप नाही, चॅसी आहे. या गाड्यांची चॅसी शिडीसारखी असते आणि खड्ड्यात एक चाक गेलं की ती पिळते. पिळावी म्हणूनच ती तशी केली आहे. लाकडी तळ पट्ट्यांनी दाबून बोल्टांनी धरलेला असतो, त्यामुळे फळ्या एकमेकींवर किंचित सरकतात आणि हौदा चॅसीबरोबर वळतो. 3 मिलिमीटरची अखंड प्लेट सगळ्या आडव्यांना चहूबाजूंनी वेल्ड केली की हौद्याचा ताठ डबा होतो. पीळ मग कमजोर जागा शोधतो आणि सत्तर वर्षं जुन्या पत्र्यात, वेल्डच्या अगदी काठाने, चीर पडते. वजनाचाही हिशोब करा. 78 बाय 50 इंचाची 3 मिलिमीटरची प्लेट साठ किलोच्या वर जाते, तेवढ्याच जागेतला पाऊण इंची सागवानी तळ साधारण तीस किलोच्या आसपास. शिवाय प्लेटीखाली पहाटे दव धरतं आणि ते कोणाला दिसत नाही. लाकूड निदान कुजताना दिसतं.

गाडीला रोज माल वाहायचाच असेल तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा फळ्यांवर वेगळी, सुटी, बोल्टने धरलेली प्लेट अंथरा, खाली रबराच्या पट्ट्या द्या आणि वर्षातून एकदा उचलून खालचं बघा. वेल्ड मात्र तेव्हाही नको.

आता आडव्यांचं काम, ज्यात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. एका विलीज जीपच्या हौद्याच्या आडव्या कुजल्या होत्या. मी सगळ्या एकदम कापून काढल्या, कारण मोकळ्या जागेत काम सोपं वाटलं. नव्या बसवल्या, टाके मारले, पक्कं वेल्डिंग केलं, आणि मग कळलं की एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर दुसऱ्या कर्णापेक्षा 11 मिलिमीटरने जास्त आहे. फाळका एका बाजूला घासायचा, दुसरीकडे बोटभर फट. सगळं पुन्हा कापावं लागलं. मालक भला होता, पण त्याच्या आजोबांच्या गाडीचा पत्रा मी दोनदा कापला याचं वाईट मला अजून वाटतं. तेव्हापासून नियम असा: हौदा चॅसीवरच असताना दोन्ही कर्ण, चारही उंच्या आणि फाळक्याच्या दोन्ही फटी मोजून पत्र्यावरच मार्करने लिहायच्या. मग आत, वरच्या कडेजवळ, दोन लोखंडी पाइप आडवे आणि एक तिरका टाका मारून ठोकायचा, म्हणजे बाजूचे पत्रे हलत नाहीत. मगच बोल्ट सोडून हौदा उचलायचा आणि सपाट घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, ठेवायचा. एका वेळी एकच आडवी काढायची. बाकीच्या जुन्या आडव्या तोवर साच्याचं काम करतात. एक बसली, कर्ण मोजला, मग पुढची.

नव्या आडव्यांचा पत्रा किती जाड घ्यायचा, हे मला विचारू नका, जुनीला विचारा. जिथे गंज नाही, उदाहरणार्थ बोल्टच्या वॉशरखाली, तिथे व्हर्निअर लावा. तेवढीच जाडी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घ्या. थोडी जास्त चालेल, पण दुप्पट नको. टोपीच्या आकाराचा तो छेद हातोडीने वळवत बसू नका. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, बेंडिंग करून देणारे आहेत. त्यांना जुन्या आडवीचा तुकडा दाखवा, कागदावरचं चित्र नको.

वेल्डिंग मिगने (म्हणजे तार आपोआप पुढे सरकणाऱ्या गॅसच्या वेल्डिंग मशीनने), लहान लहान टाक्यांनी, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला. साध्या काठीच्या वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो आणि वाकतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून आतून भरा. मिस्त्रीला प्लग वेल्ड म्हटलं की कळेल. तुमच्या सालच्या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटमागे असते, पण 1947-48 च्या गाड्यांत ती हौद्याखाली असायची. कोणी कधी काय बदललंय कोण जाणे, म्हणून आधी वाकून बघा, टाकी आणि नळी रिकामी करून बाजूला काढा, बॅटरीची वायर सोडा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, हे शेडमधल्या पोरांना दर वेळी सांगतो. नव्या आडव्यांना आधी गॅल्व्हनायझिंग करून आणलं असेल तर वेल्डच्या जागेचं जस्त घासून काढा, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि बाजूचे पत्रे गॅल्व्हनायझिंगला पाठवू नका. ते टाकं साडेचारशे अंशांच्या आसपास असतं, पातळ पत्रा त्यातून पापडासारखा वेडावाकडा निघेल.

जुना रंग घासताना नाकावर साधा रुमाल बांधून भागणार नाही. त्या काळच्या रंगात शिसं असतं. ओल्या पॉलिश पेपरने घासा, धूळ उडू देऊ नका, आणि वाडीवर करणार असाल तर गुरांच्या चाऱ्यापासून दूर. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून गंज काढणं, करणार असाल तर नदीची वाळू वापरणारा टाळा. जोराच्या माऱ्याने पत्रा वाकतो ते वेगळंच, पण त्या धुळीने माणसाची फुप्फुसं जातात. वाळूऐवजी गार्नेट या खनिजाचे कण वापरणारे आहेत, त्यांना कमी दाबाने मारायला सांगा. ब्लास्टिंग झालेला पत्रा आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत पिवळा पडू लागतो, म्हणून त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्राइमर लागलाच पाहिजे. नुसता रेड ऑक्साइड मारून पावसाळ्यात ठेवू नका. तो पाणी अडवत नाही, शोषतो. प्राइमरनंतर सांध्यांत सीलर, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी आडव्यांच्या पोकळीत मेणाचा फवारा.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. खाडीकाठच्या आपल्या हवेत सकाळी पत्र्याला हात लावून पाहा. गार आणि ओलसर लागला तर ऊन चढेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही.

लाकडाकडे वळू, कारण तुमची भीती तिथेच आहे. हिशोब मांडा. 78 बाय 50 इंच, रंधा मारायच्या आधी एक इंच जाड, म्हणजे सव्वादोन घनफूट. कापाकापीत जातं ते धरून तीन घनफूट. एका बऱ्या दरवाजाच्या चौकटीला लागतं त्याहून फार जास्त नाही. या कामात लाकडाचा खर्च मोठा नसतो, मोठी असते मजुरी. म्हणून लाकडात कंजुषी करू नका.

माझी पसंती जुन्या सागाला. ठाण्यात, डोंबिवलीत चाळी आणि वाडे पाडले जातात तेव्हा निघालेल्या तुळया लाकूडवाल्यांकडे येतात. ते लाकूड कित्येक पावसाळे बघून शांत झालेलं असतं. नवा साग बाजारात पुरेसा न वाळताच येतो आणि मार्चमध्ये पिळतो. जुनी तुळई घेताना लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर सुताराचं पातं जाईल आणि शिव्या तुम्हाला बसतील. फळीच्या टोकाकडून बघा. वर्तुळाच्या रेषा उभ्या असतील त्या फळ्या घ्या, आडव्या रेषांची फळी वाटीसारखी वाकते. पैसे अगदीच कमी पडले तर आयएस 710 या भारतीय मानकाचा, पाणी सोसणारा मरीन प्लाय चालेल, पण त्याच्या चारही कडा इपॉक्सीने बंद केल्या तरच.

फळ्या घट्ट बसवू नका. सुताराला घट्ट सांध्याची सवय असते, त्याला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जुलैत फळी रुंदीत फुगते आणि जागा मिळाली नाही तर बाजूचा पत्रा ढकलते. कोरड्या दिवसांत बसवत असाल तर पट्टीखाली दोन फळ्यांमध्ये फट हवीच, आणि आडवीवरची बोल्टची भोकं रुंदीच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर लांबट करा. पट्टी फट झाकते, म्हणूनच ती तिथे आहे. बोल्ट चौकोनी मानेचे, जस्त चढवलेले. नट खालून, मोठ्या वॉशरवर. जुने बोल्ट सोडवताना नट कापा, पट्टी नाही.

फिनिशचं सांगतो. चकचकीत व्हार्निश पहिल्या वर्षी फोटोत छान दिसतं, मग उन्हाने तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं आणि आतच राहतं. मी बसवण्याआधी फळी सहाही बाजूंनी तेलवतो, टोकांना तीनदा, कारण पाणी मुख्यतः टोकातून चढतं. सागात स्वतःचं तेल असतं म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसायचं. कच्चं जवसाचं तेल आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतं, त्यामुळे बुरशीरोधक घातलेलं बाहेरच्या लाकडाचं तेल घ्या आणि दर वर्षी मे महिन्यात एक हात फिरवा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

कामाचा क्रम ध्यानात ठेवा: मापं आणि फोटो, धुणं, टोचून तपासणं, आधाराचे पाइप, मग एकेक आडवी, मग रंग, आणि लाकूड सर्वांत शेवटी. फाळका या सगळ्यानंतर. तो आज बसत नाही कारण हौदा तिरका झालाय. हौदा सरळ झाला की अर्धं काम आपोआप होतं. आत्ता त्याच्या बिजागऱ्या ठोकून तो बसवायला गेलात तर नंतर सरळ हौद्यात तो तिरका दिसेल. पोचे डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने काढा. लांबी (पुटी) भरायचीच असेल तर नखभर, त्याहून जाड नको.

एक कागदोपत्री गोष्ट. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली: 50 वर्षांहून जुनी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण त्या व्याख्येत चारचाकीचा एम-1 हा प्रवासी वर्ग आहे. तुमची पिकअप कागदावर मालवाहू असेल तर ती त्यात बसेल असं गृहीत धरू नका. गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे जुनं आरसी बुक घेऊन जा आणि काम सुरू होण्याआधी विचारा. मूळ लाकडी तळाचे आजचे फोटो, कितीही वाईट दिसत असले तरी, जपून ठेवा. मूळ रूप काय होतं ते उद्या दाखवायला तेच उपयोगी पडतील.

मिस्त्रीला बदलायची गरज नाही. त्याचा वेल्डिंगचा हात चांगला असेल तर आडव्यांचं काम त्यालाच द्या. फक्त एका वेळी एकच, आणि प्रत्येक टाक्यानंतर कर्ण, ही अट घाला. लाकडासाठी फर्निचरवाला सुतार न शोधता होड्यांचं काम केलेला सुतार मिळाला तर बघा. लाकूड पाण्यात कसं वागतं हे त्याला शिकवावं लागत नाही.

वाडीवर जाल तेव्हा गाडीवरची ताडपत्री घट्ट बांधलेली असेल तर आधी ती सोडा आणि खालून वारा जाईल अशी उंच बांधा. मग मला पाच गोष्टी कळवा: दोन्ही कर्ण, आतली लांबी-रुंदी, फळ्यांची संख्या, प्रत्येक आडवीवर किती खडूच्या खुणा झाल्या, आणि पुढच्या भिंतीच्या तळाच्या सांध्याचा खालून, टॉर्च लावून काढलेला फोटो. तो सांधा बघितल्याशिवाय पुढची भिंत वाचते की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि खर्चाचा आकडा त्यावरच ठरेल.